भागीचे घोडे

मराठीत एक जुनी म्हण आहे : भागीचे घोडे किवणाने मेले. 'किवण' हा शब्द आता फारसा कानावर येत नाही. जखम चिघळून तिच्यात अळ्या पडल्या, की जुनी माणसे त्याला किवण म्हणत. घोडे दोघांच्या भागीत होते. त्याच्या पाठीवर जखम झाली. पहिल्याला वाटले, दुसरा औषध लावील. दुसऱ्याला वाटले, पहिला लावील. आणि घोडे मेले. या म्हणीत मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते हे, की दोन्ही मालकांपैकी कोणीही दुष्ट नव्हते. घोडे मरावे असे एकालाही वाटत नव्हते. तरी ते मेले.

ही म्हण मी आठवीत एका गुणासाठी पाठ केली होती. तिचा खरा अर्थ मला गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत रायपूरला कळला. आपण सगळेच इथे आठवड्यातून दोनदा घोड्यावर बसतो, म्हणून तो इथे लिहून काढतो आहे.

आमचे घर रायपूरच्या बुढापाऱ्यात, बुढा तलावाजवळ आहे. या तलावाला आता विवेकानंद सरोवर म्हणतात, कारण स्वामीजी लहान असताना १८७७ ते १८७९ या काळात याच भागात राहिले होते. रायपूरला मराठी माणसे कुठून आली, असे मित्र मला नेहमी विचारतात. नागपूरकर भोसल्यांचे सैन्य भास्करपंतांबरोबर १७४१ साली छत्तीसगडावर आले आणि पुढे बंगालकडे गेले. १७५८ पासून बिंबाजी भोसले रतनपूरला राहून कारभार पाहू लागले. तेव्हापासून मराठी कुटुंबे इकडे येत राहिली. म्हणजे घोड्यांच्या टापांमागून आम्ही इकडे आलो. पण आज बुढापाऱ्याच्या गल्लीत घोडा दिसतो तो फक्त लग्नाच्या वरातीत.

आमच्या शेजारच्या काकांनी मात्र खरोखरच एक घोडी घेतली. नंदुरबार जिल्ह्यात सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत मोठा घोडेबाजार भरतो. तिथून त्यांनी डिसेंबरात एक कुमैत रंगाची घोडी आणली. त्यांच्या मुलीला, म्हणजे ताईला, रपेट शिकायची होती. घोडीचे नाव राणी. बुढापाऱ्यात स्कूटर लावायला जागा नाही, तिथे घोडी कुठे बांधणार? म्हणून काकांनी ती शहराबाहेरच्या एका तबेल्यात ठेवली. महिन्याला ठरावीक पैसे द्यायचे. बोलणी तोंडीच झाली. तबेलेवाले म्हणाले, "दाना-पानी हमारा, बाकी आप देख लेना." काका म्हणाले, "ठीक है."

सगळे भांडण पुढे त्या 'बाकी' या एका शब्दावरून झाले. काकांना वाटले, बाकी म्हणजे बाकीचा खर्च. डॉक्टर आला तर त्याचे पैसे, नालबंद आला तर त्याचे पैसे. बोलावणार अर्थात तबेलेवाले. तबेलेवाल्यांना वाटले, बाकी म्हणजे बाकीचे सगळेच. डॉक्टर बोलवायचा की नाही, नाल कधी बदलायची, खोगीर पाठीला बसते की नाही, हे मालकाने बघायचे.

खोगीर बसत नव्हते. मानेच्या मागे, पाठ जिथे सुरू होते तिथे ते घासत होते. एप्रिलच्या शेवटी तिथे सूज आली आणि कातडी सोलली. मोतद्दाराने ते पाहिले आणि मॅनेजरला सांगितले. मॅनेजरने काकांना फोन केला. काका एका लग्नात होते, त्यांनी फोन उचलला नाही. नंतर मिस्ड कॉल दिसला, तेव्हा महिनाअखेर होती. काकांना वाटले, पैशासाठी असेल, सोमवारी देऊन टाकू. मॅनेजरला वाटले, आपण कळवले. मोतद्दाराला वाटले, आपण सांगितले. ताईची परीक्षा चालू होती, त्यामुळे ती बारा दिवस तिकडे गेलीच नाही.

परीक्षा संपल्यावर आम्ही तिघे गेलो. राणी दिसायच्या आधी वास आला. मे महिन्यात रायपूरला ऊन किती असते ते तिथे राहणाऱ्यालाच माहीत. अशा दिवसांत उघड्या जखमेवर माशी अंडी घालते आणि साधारण एका दिवसात अळ्या होतात. राणीच्या पाठीवर रुपयाएवढे भोक दिसत होते, पण आत ते खूप मोठे होते. ती मान खाली घालून उभी होती. चंदी तशीच पडली होती. ताईने हाक मारली तेव्हा तिने फक्त एक कान हलवला.

डॉक्टर दोन तासांनी आले. मी मोरखी धरून उभा राहिलो. त्यांनी औषध घातले आणि चिमट्याने एकेक अळी काढायला सुरुवात केली. मी मोजत होतो, पन्नासनंतर मोजणे सोडून दिले. मग त्यांनी जखम धुतली आणि धनुर्वाताचे इंजेक्शन दिले. धनुर्वात घोड्याला फार लवकर होतो, म्हणून साधी जखमसुद्धा साधी समजायची नाही, असे ते म्हणाले. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "इसका ज़िम्मेदार कौन है?" काकांनी मॅनेजरकडे पाहिले, मॅनेजरने काकांकडे पाहिले. त्या वेळी मला आठवीतली म्हण आठवली.

राणी वाचली. तीन महिने तिच्यावर खोगीर घालता आले नाही. जखमेच्या जागी आता पांढरे केस आले आहेत. खोगिराने झालेल्या जखमेवर बहुतेक वेळा पांढरेच केस येतात. तो डाग आता आयुष्यभर राहील.

डॉक्टरांचे बिल कोणी द्यायचे यावरून मात्र खूप वाद झाला. माझे मामा वकील आहेत. एका रात्री काका आमच्या ओसरीवर येऊन त्यांच्याशी बोलत बसले होते आणि मी ऐकत होतो. काकांना वाटत होते, मामा म्हणतील की चूक तबेल्याची. मामा म्हणाले, "कायदा दोघांनाही सोडत नाही."

त्यांनी जे सांगितले ते मला फार आवडले, म्हणून मी वहीत लिहून घेतले. प्राण्यांना क्रूरपणे वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा आहे. त्याच्या कलम २ मध्ये 'मालक' या शब्दाची व्याख्या आहे. ज्याने पैसे देऊन जनावर घेतले तो मालक आहेच, पण ज्याच्या ताब्यात ते त्या वेळी आहे तोही मालकच समजायचा. आणि कलम ३ म्हणते, की जनावर ज्याच्या देखरेखीखाली आहे अशा प्रत्येक माणसाचे ते कर्तव्य आहे, की त्याचे नीट चालावे आणि त्याला विनाकारण वेदना होऊ नयेत. प्रत्येक माणसाचे. म्हणजे काका, मॅनेजर आणि मोतद्दार, तिघांचेही.

दुसरा कायदा त्याहून जुना, १८७२ चा करार कायदा. एकाची वस्तू दुसऱ्याच्या हवाली केली तर कोणी काय करायचे, याचे त्यात एक प्रकरण आहे. ज्याच्याकडे वस्तू ठेवली त्याने ती अशी सांभाळायची, जशी एखादा शहाणा माणूस स्वतःची वस्तू सांभाळतो. हे झाले तबेल्याचे काम. पण ठेवणाऱ्यालाही मोकळीक नाही. वस्तूत काही दोष असेल आणि तो त्याला माहीत असेल, तर त्याने आधी सांगितलेच पाहिजे. गंमत म्हणजे कायद्यात याचे उदाहरणच घोड्याचे दिले आहे. एकाने आपला खोडकर घोडा दुसऱ्याला दिला आणि खोड सांगितली नाही. घोडा उधळला, दुसरा पडला आणि त्याला लागले. भरपाई पहिल्याने करायची. आणखी एक उदाहरण आहे. एकाने दुसऱ्याला फक्त त्याने स्वतः बसावे म्हणून घोडा दिला. दुसऱ्याने घरातल्या तिसऱ्याला बसवले. तिसऱ्याने जपून चालवला, तरी घोडा पडून जखमी झाला. भरपाई दुसऱ्याने करायची, कारण ज्या कामासाठी घोडा दिला ते सोडून त्याने दुसरेच केले. दीडशे वर्षांपूर्वी कायदा लिहिणाऱ्यांनाही घोडाच आठवला, कारण दोघांच्या मध्ये सर्वांत जास्त अडकणारी वस्तू तीच असावी.

शेवटी मामांनी काका आणि तबेलेवाल्यांना समोरासमोर बसवले. बिल निम्मे-निम्मे झाले. आणि 'बाकी' हा शब्द काढून टाकून दोन पानांचा कागद झाला. तो कागद मी पाहिला आहे. त्यात जे आहे ते कुठल्याही पागेला लागू पडेल.

रोजचे काम तबेल्याचे, कारण रोज तिथे तेच असतात. चारशे किलो वजनाच्या घोडीला दिवसाला साधारण आठ किलो सुका चारा लागतो आणि पंचवीस ते चाळीस लिटर पाणी लागते. उन्हाळ्यात याहूनही जास्त. खरारा, खूर साफ करणे, लीद काढणे, फिरवणे हेही त्यांचेच. भाकरी का करपली, पान का सडले, घोडा का अडला, या कोड्याचे उत्तर आपल्याला माहीत आहे : न फिरवल्यामुळे. म्हणून मालक आला नाही तरी फिरवायचे.

नाल, लस, जंताचे औषध यांचे पैसे मालकाचे, पण तारखा लक्षात ठेवायच्या तबेल्याने. नाल साधारण सहा ते आठ आठवड्यांनी काढून खूर कापावे लागतात, नाल झिजलेली असो वा नसो. त्या तारखा भिंतीवर लिहिलेल्या असतील. खोगीर आणि तंग मालकाचे, पण ते पाठीला बसते की नाही हे दोघांनी मिळून बघायचे.

मालकाने घोडीच्या खोडी लिहून द्यायच्या. राणी चंदी खाताना मागून कोणी आले तर लाथ मारते, हे आता कागदावर आहे. ताईशिवाय तिच्यावर कोणी बसायचे नाही, हेही आहे.

पोटशूळ उठला तर वाट बघायची नाही. घोड्याला ओकारी होत नाही, त्यामुळे पोटात जे अडते ते बाहेर यायला वाट नसते आणि काही तासांत जीव जाऊ शकतो. अर्ध्या तासात मालक फोनवर मिळाला नाही, तर तबेल्याने डॉक्टर बोलवायचा आणि ठरलेल्या रकमेपर्यंतचे बिल मालकाने न कुरकुरता द्यायचे. मिस्ड कॉल म्हणजे कळवणे नव्हे. समोरून 'समजले' असे उत्तर येईपर्यंत कळवले असे धरायचे नाही.

आणि शेवटचे कलम मला सर्वांत आवडले. पैशांवरून कितीही वाद झाला, तरी तो मिटेपर्यंत घोडीची चंदी, पाणी आणि औषध बंद होणार नाही. माणसांचे भांडण दावणीपर्यंत न्यायचे नाही.

सुट्टी संपवून इथे आल्यावर मी लायब्ररीत थोडे वाचले, तेव्हा कळले की हा प्रश्न आपल्या इतिहासात फार जुना आहे. मराठ्यांच्या घोडदळात दोन प्रकारचे स्वार होते. ज्याचा घोडा स्वतःचा तो शिलेदार. ज्याला घोडा सरकारी पागेतून मिळे तो बारगीर. भोसल्यांचे जे स्वार छत्तीसगडातून बंगालमध्ये गेले, त्यांना तिकडचे लोक 'बर्गी' म्हणू लागले. तो शब्द 'बारगीर' यावरूनच आला आहे. म्हणजे दुसऱ्याच्या घोड्यावर बसणारा, हेच त्यांचे नाव झाले.

आता बारगिराचा घोडा म्हणजे भागीचेच घोडे. मालक सरकार, बसणारा दुसरा. मग ते किवणाने का मेले नाही? कृष्णाजी अनंत सभासदाने आपल्या बखरीत शिवाजी महाराजांच्या पागेची रचना सांगितली आहे. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार. आणि त्या पंचवीस जणांमागे पाणी वाहणारा एक पखालजी आणि एक नालबंद. म्हणजे पाणी कोणाचे काम आणि नाल कोणाचे काम, हे आधीच ठरलेले. 'बाकी' काही ठेवलेच नव्हते.

महाराजांचे चिपळूणच्या तळावरील अधिकाऱ्यांना लिहिलेले एक पत्र प्रसिद्ध आहे. ते १६७४ च्या राज्याभिषेकाच्या सुमाराचे आहे. रयतेला काडीचाही त्रास देऊ नका, यासाठी ते पत्र आपल्याला माहीत असते. पण ते बरेचसे घोड्यांविषयी आहे. पावसाळ्यासाठी साठवलेला दाणा आणि गवत आताच मनाला येईल तसे संपवले, तर भर पावसात काही मिळणार नाही आणि घोडी उपाशी मरू लागतील. मग ती तुम्हीच मारली असे होईल, असे महाराजांनी स्पष्ट लिहिले आहे. गवताच्या गंजीजवळ विस्तव नको, चिलीम नको, रात्री दिवा जळता ठेवला तर उंदीर पेटती वात ओढून नेईल, इथपर्यंत त्या पत्रात सूचना आहेत. एवढ्या मोठ्या राज्याचा राजा उंदराचा विचार करतो, कारण घोडा स्वतः दोर सोडून पळू शकत नाही, हे त्याला माहीत आहे.

पुढे इंग्रजांच्या काळातही काही रिसाल्यांमध्ये शिलेदारी पद्धत चालू राहिली. तिथे स्वार आपला घोडा आणत किंवा त्याचे पैसे भरत. घोडा मेला तर नवा कसा घ्यायचा, यासाठी सगळे स्वार दरमहा थोडी वर्गणी भरत. तिला 'चंदा' म्हणत. एकाचा घोडा गेला तर नुकसान सगळ्यांनी थोडेथोडे वाटून घ्यायचे. पहिल्या महायुद्धात ही पद्धत टिकली नाही आणि नंतर बंद झाली. आज जयपूरची ६१ कॅव्हलरी ही आपल्या सैन्यातली घोड्यावरची रेजिमेंट आहे. ती १९५३ मध्ये उभी राहिली. तिथले घोडे सरकारी आहेत. म्हणजे जुन्या भाषेत तिथला प्रत्येक स्वार बारगीर आहे.

आणि आपणही बारगीरच आहोत. आपल्या पागेतला एकही घोडा आपला नाही. एकाच घोड्यावर सकाळी एक सेक्शन बसते, संध्याकाळी दुसरे. राणीच्या बाबतीत दोन बाजू होत्या, आपल्या एकेका घोड्याचे तर तीस-चाळीस भागीदार आहेत. मोतद्दार दादा पहाटे चारपासून राबतात म्हणून आजवर काही बिघडलेले नाही. पण पाठीवर पहिला ओरखडा उठतो तो आपण बसलेलो असताना. तो त्यांच्याआधी आपल्याला दिसायला हवा.

कधीकधी मला वाटते, आपण आणि आपले घोडे सारखेच आहोत. तेही बोर्डिंगमध्ये, आपणही बोर्डिंगमध्ये. घरचे लोक फी भरतात, शाळा खायला घालते. पहिल्या दिवशी आईने माझ्या मेडिकल फॉर्मवर लिहिले होते, की मला शेंगदाणे चालत नाहीत. मामांच्या भाषेत हा दोष आधी सांगणे झाला. रात्री ताप आला तर कोणाला फोन करायचा, तेही तिथे लिहिलेले असते. घर आणि शाळा यांच्यात 'बाकी' काही राहू नये, म्हणूनच तो फॉर्म एवढा लांब असतो. फरक एकच आहे. आपल्याला दुखले तर आपण एमआय रूममध्ये चालत जातो आणि सांगतो. घोडा सांगत नाही. तो चंदी सोडतो, एक पाय हलका ठेवतो, हाक मारली तर फक्त कान हलवतो. त्याचे बोलणे एवढेच.

म्हणून कागद कितीही चांगला केला, तरी एक काम वाटून देता येत नाही. ते म्हणजे बघणे. पाणी एकाने द्यावे, पैसे दुसऱ्याने द्यावेत, नाल तिसऱ्याने ठोकावी. पण बघायचे प्रत्येकाने, आणि दिसले की जो ऐकेल त्याला सांगायचे, तो 'समजले' म्हणेपर्यंत.

यासाठी मी रायडिंगच्या सरांना एक सूचना लिहून दिली आहे आणि तुमच्याही पाठिंब्याची विनंती करतो. प्रत्येक ठाणावर एक छोटी पाटी असावी. रपेट संपवून जो शेवटी उतरेल त्याने खोगीर काढून पाठीवरून हात फिरवावा, तंगाची जागा बघावी, चारही खूर उचलून बघावेत आणि पाटीवर वेळ आणि आपला नंबर लिहावा. सगळे ठीक असेल तरी लिहावे. काही दिसले तर तेही लिहावे आणि रोलकॉलला जाण्याआधी मोतद्दार दादांना सांगावे. याला तीन मिनिटे लागतात. मी घड्याळ लावून पाहिले आहे.